नुसती खडखड

घाटाचं पहिलं वळण उतरताना शेजारी बसलेल्या रंजिता मॅडमनी एकदम खांदे आखडून घेतले, डोळे बारीक केले, आणि जाहिदला कळलं की गाडीतून कसलातरी आवाज येतोय.

त्याला स्वतःला काहीच ऐकू आलं नव्हतं. डावा कान एका तापात गेला त्याला बरीच वर्षं झाली होती. उजवा शाबूत होता तोवर त्याने कुणाला पत्ता लागू दिला नाही. पण वर्षभरापासून उजव्यातूनही बारीक आवाज गळायला लागले होते. आधी चिमण्या गेल्या, मग मोबाईलची रिंग, मग बायकोच्या, गजालाच्या, बांगड्या. इंजिनाची घरघर यायची, ट्रकचा हॉर्न यायचा, माणूस तोंडासमोर बोलला तर त्याचं बोलणं यायचं. राहिलेलं तो डोळ्यांनी भरून काढायचा. आरशात उतारूंचे चेहरे बघायचे, कुणी मान वळवली की आपणही वळवायची, सगळे हसले की हसायचं. धडगाव ते शहादा हा रस्ता त्याच्या हातापायांना पाठ होता. जीप नवनीतशेठची होती आणि लायसन त्याचं होतं. कानाची गोष्ट फुटली तर दोन्ही जातील, या भीतीने तो गप्प राहिला होता.

"ऐकलंत ना?" मॅडम म्हणाल्या. त्या त्याच्या डाव्या हाताला होत्या, म्हणून त्याने शब्द ओठांवरून उचलले. "कसला आवाज आहे हा?"

"हो, हो, ऐकतोय," जाहिद म्हणाला. मग सहज विचारल्यासारखं विचारलं, "तुम्हाला कसा वाटतो, मॅडम?"

"कर्कश. दातांवर येतो अगदी. फळ्यावर नख ओढल्यासारखा."

रंजिता मॅडम साताऱ्याकडच्या. धडगावजवळच्या आश्रमशाळेत शिकवायच्या. उन्हाळ्याची सुट्टी लागली होती आणि त्यांना संध्याकाळची शहादा–पुणे गाडी गाठायची होती. दातांवर येतो, एवढ्यावरून जाहिदने अंदाज बांधायला घेतला. लोखंडावर लोखंड घासलं की दातांवर येतं. ब्रेकचं लायनर संपून पत्रा घासायला लागला की तसं होतं. उतारावर, भरलेल्या गाडीचा ब्रेक.

त्याने पाय हलकेच पेडलवर टेकवून बघितला. ब्रेक नेहमीसारखा लागला.

मधल्या सीटवर खिडकीशी कालीबाई बसली होती. वरच्या पाड्यातली पावरा आदिवासी म्हातारी, आमचूर विकायला शहाद्याला निघालेली. तिची पोती टपावर बांधली होती. ती पुढे वाकून पावरीत काहीतरी बोलली. जाहिदला पावरी बाजारापुरती यायची, आणि आरशात तिचे ओठ नीट दिसत नव्हते.

"जामसिंगभाऊ, माय काय म्हणते?" त्याने तिच्या जावयाला विचारलं.

जामसिंग त्याच्या मागेच, उजव्या कानाशी बसला होता. "ती म्हणते, रिकामी घट्टी फिरते."

"घट्टी म्हणजे जातं का?" मॅडमनी मागे वळून विचारलं.

"हो. दाणे संपले आणि बाई तरी फिरवत राहिली, की दगडावर दगड घासतो. तसा."

"पण हा बारीक आवाज आहे. जात्याचा आवाज घरघर असा असतो."

"तुमच्याकडं घरघर असेल," जामसिंग शांतपणे म्हणाला. "भरलेल्या घट्टीची. रिकामीचा आवाज निराळा असतो. आमच्याकडं आवाजाला वेगळं नाव ठेवत नाहीत. कोण करतं ते सांगतात."

जाहिदने ते मनात नोंदवलं. घट्टी गोल फिरते. म्हणजे चाकाबरोबर फिरणारं काहीतरी. ब्रेक नसेल, बेअरिंग असेल. ग्रीस आटलं असेल. बेअरिंग जाम झालं तर चाक उतारावर अडकतं. हे ब्रेकपेक्षा बरं की वाईट, त्याला ठरवता येईना.

"मी कवयनं सांगी ऱ्हायनू, खडखड करी ऱ्हायनं," मागून करणसिंग बापूंचा आवाज आला. तो मोठा होता, म्हणून आला. "पन मन्हं आयकस कोन."

बापू सारंगखेड्याकडचे, तापीकाठी बागायत असलेले. मुलीच्या लग्नाच्या पत्रिका वाटायला धडगावला एका जुन्या दोस्ताकडे आले होते. निघताना उशीर केला, तोवर पुढची जागा मॅडमनी घेतली, आणि बापूंना सगळ्यात मागे, डाव्या चाकावरच्या लोखंडी बाकड्यावर बसावं लागलं. गाडी सुटल्यापासून ते कुरकुरत होते. गादी फाटली शे, धूळ येस, पाय मावत नही. त्यात ही खडखड.

"बापू, गाडी शे, खडखड तं व्हईच," कुणीतरी म्हणालं आणि दोघं-तिघं हसले. आरशात ते हसणं बघून जाहिदही हसला.

पण हातातलं स्टिअरिंग ओलं झालं होतं. एकच आवाज आणि तिघांचे तीन शब्द. मॅडम त्याला नख म्हणतात, म्हातारी घट्टी म्हणते, बापू खडखड म्हणतात. ज्याने त्याने आपापल्या घरचा शब्द काढला. त्याचं घर हिंदी बोलायचं, स्टँडवर तो अहिराणी बोलायचा, आरटीओत आणि मॅडमसारख्यांशी मराठी. तीन भाषांमधले आवाजांचे सगळे शब्द त्याच्यापाशी होते. किरकिर, चूं-चूं, खुळखुळ, चर्रर. आवाज निघून गेले होते आणि शब्द मागे राहिले होते. आता दुसऱ्यांच्या शब्दांतून त्याला आवाज शोधायचा होता, आणि गाडीत माणसं खचाखच भरलेली होती.

मागे खोके भरलेला ट्रक चिकटला होता. इथे थांबायला जागा नव्हती. एका बाजूला कापलेला डोंगर, दुसऱ्या बाजूला खाली साग आणि त्याच्याही खाली कोरडा नाला. जाहिदने दुसरा गियर टाकला आणि वळणामागून वळण घेत पुढच्या मोकळ्या जागेची वाट बघत राहिला. प्रत्येक वळणावर मॅडम खांदे आखडत होत्या. त्यांच्या खांद्यांवरूनच त्याला कळत होतं की आवाज चालू आहे, आता वाढला, आता थोडा कमी झाला.

अखेर रस्ता रुंद झाला. त्याने गाडी डोंगराच्या कडेला घेतली, ट्रकला जाऊ दिलं आणि उतरला.

"मॅडम, एक काम करा. तुम्ही खाली उभ्या राहा. मी गाडी हळू पुढं घेतो. आवाज आला की हात वर करा, थांबला की खाली."

मॅडमनी त्याच्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. "तुम्हाला येत नाहीये का ऐकू?"

"आत इंजिनचा आवाज असतो ना."

त्या उतरून बाजूला उभ्या राहिल्या. त्याने गाडी पुढे घेतली. मॅडमचा हात वर गेला, थोडा वेळ राहिला, खाली आला, परत वर गेला. चाकाच्या फेऱ्याबरोबर हात वरखाली होत होता. कालीबाईही खिडकीतून हात हलवत होती, आणि दोघींचे हात एकाच वेळी वर जात होते. मॅडम डाव्या बाजूच्या पुढच्या चाकाकडे बोट दाखवू लागल्या.

जाहिद खाली आडवा झाला, चाकामागे बघितलं आणि त्याचा जीव भांड्यात पडला. ब्रेकची डिस्क आणि तिच्या मागचा पत्रा यांच्यामध्ये एक खडा जाऊन बसला होता. रस्त्याच्या कामावर टाकलेल्या खडीतला असणार. त्याने स्क्रू ड्रायव्हर घालून पत्रा जरा वाकवला. खडा टपकन खाली पडला. तो त्याने उचलून मॅडमना दाखवला.

"एवढासा?" त्या म्हणाल्या.

"एवढासाच असतो. पण सगळी गाडी डोक्यावर घेतो."

बाकीचेही बघायला खाली उतरले. कालीबाईने खडा हातात घेऊन बघितला, जावयाला काहीतरी सांगितलं आणि खडा खाली दरीत भिरकावून दिला. जामसिंग हसला. "ती म्हणते, जात्यात खडा होता, पण दळणातला नाही."

सगळे परत चढले. गाडी निघाली. मॅडमचे खांदे सैल झाले होते. कालीबाईने पदर तोंडावर ओढून डोळे मिटले. जाहिदने पुष्कळ वेळाने मोकळा श्वास घेतला. वाचलो, त्याला वाटलं. गाडी वाचली, आणि आपलं गुपितही वाचलं.

"खडखड तं चालूच शे," मागून बापू म्हणाले.

"बापू, निघना ना तो खडा," जाहिद मोठ्याने म्हणाला.

"खडा निघना व्हई. खडखड निघनी नही."

"आता काही आवाज नाहीये हो," मॅडमनी मागे वळून सांगितलं. "पूर्ण बंद झालाय."

"तुमले आयकू येत नसी. माले येस. मी चाकवर बठेल शे."

पुन्हा दोघं-तिघं हसले. एकाने बापूंना बागायतीच्या आमदनीवर नवी गाडी घ्यायचा सल्ला दिला. बापूंनी तोंड फिरवलं. आरशात जाहिदला त्यांचा रागावलेला चेहरा दिसला, आणि त्याला थोडं वाईटही वाटलं. पण खडखड या शब्दाला तो तरी काय करणार होता. घाटातल्या रस्त्याची खडखड, टपावरच्या सामानाची खडखड, फाटलेल्या बाकड्याची खडखड. प्रत्येक उतारू प्रत्येक फेरीला म्हणायचा, काय खडखड शे रे तुन्ही गाडीनी. या शब्दाने काही कळत नसे. नख म्हटलं की दात आठवतात, घट्टी म्हटलं की काहीतरी फिरताना दिसतं. खडखड म्हटलं की नुसती जीप दिसते.

दोन वळणं गेली. तिसऱ्यापासून खरा उतार सुरू होत होता आणि इथून दरी डाव्या हाताला येत होती. जाहिदने सवयीने आरशात बघितलं.

बापू आता बोलत नव्हते. त्यांनी उजवी मूठ वळली होती आणि समोरच्या लोखंडी दांड्यावर ते ती मारत होते. रागात असतील, जाहिदला वाटलं. पण त्याची नजर हलेना. मूठ पडत होती, थांबत होती, पडत होती. रागातला माणूस असा सारख्या अंतराने मारत नाही. त्याने ॲक्सिलेटरवरचा पाय उचलला. मुठीचा ठोका लांबला. त्याने पाय परत टेकवला. ठोका जवळ आला.

बापू चाक वाजवून दाखवत होते.

तिघं एकच आवाज सांगत नव्हते. दोन आवाज होते. मॅडम पुढे डाव्या खिडकीशी होत्या, कालीबाई त्यांच्या मागे, दोघींना खडा ऐकू येत होता. बापू मागच्या चाकावर बसले होते, आणि त्यांना दुसरंच काही ऐकू येत होतं. प्रत्येकाचा शब्द वेगळा, एवढंच धरून आपण ते दोन्ही एकात गुंडाळले.

मागचं डावं चाक. आज सकाळी धडगावच्या स्टँडवर तेच पंक्चर झालं होतं आणि स्टेपनी त्यानेच चढवली होती. नट तो कानाने आवळायचा. पाना फिरवत जायचं, शेवटी नटातून एक कुट्ट असा आवाज निघायचा, तो आला की सोडायचं. आज सकाळी कुट्ट आलंच नाही. हात दुखले, उतारू घाई करत होते, आणि त्याने आलं असं समजून पाना ठेवून दिला.

आता जोराने ब्रेक मारला तर उरलेसुरले नट तुटतील. नाही मारला तर पुढच्या वळणावर सगळा भार त्याच चाकावर येईल, आणि ते चाक दरीच्या बाजूला आहे.

"सगळ्यांनी काही तरी घट्ट धरा," जाहिद म्हणाला. "आणि कुणी हलू नका."

त्याच्या आवाजात काय होतं कोण जाणे, हसणारे गप्प झाले. मॅडमनी डॅशबोर्डवर दोन्ही हात टेकवले. जाहिदने गाडी हळूहळू उजवीकडे, डोंगराच्या बाजूला घ्यायला सुरुवात केली. समोरून वर येणाऱ्या गाडीची ही बाजू होती. वळणाच्या पलीकडे काय आहे ते दिसत नव्हतं, आणि कुणी हॉर्न दिला असता तरी तो वेळेत ऐकू आला असता याची खात्री नव्हती.

"मॅडम, समोरून हॉर्न आला तर मला हात लावून सांगा. तोंडाने नको."

मॅडमनी त्याच्याकडे बघितलं. एक हात त्यांनी त्याच्या दंडावर ठेवला आणि तिथेच राहू दिला.

दुसरा गियर, मग पहिला. ब्रेक बोटभर, सोडायचा, परत बोटभर. आरशात बापूंची मूठ हळू पडत होती, आणि आता ती पडली की बापूंचं अख्खं अंग हलत होतं. चाक डुगडुगत असणार. कडेला रस्त्याच्या कामाचा मुरमाचा ढीग होता. त्याच्यावर डोळा ठेवून जाहिद गाडी इंचाइंचाने नेत राहिला. दंडावर मॅडमची बोटं आवळली. समोरून मोटारसायकल आली, चकित होऊन बाजूने निघून गेली. गाडीचं नाक मुरमात रुतलं. इंजिन धक्का खाऊन बंद पडलं.

जाहिदने हँडब्रेक ओढला, उतरला आणि मागे गेला.

पाचातले दोन नट नव्हते. उरलेले तिन्ही त्याने नुसत्या बोटांनी फिरवले आणि ते फिरले. चाक बाहेर कललं होतं आणि रिमची भोकं लंबगोल झाली होती.

बापू मागून उतरून त्याच्या शेजारी येऊन उभे राहिले. त्यांनी चाक बघितलं, मग दरीकडे बघितलं. नंतर ते म्हणाले, "तुले खरंच आयकू येत नही व्हतं?"

सगळे उतरले होते आणि गोळा झाले होते. जाहिदच्या तोंडावर आलं होतं, इंजिनामुळे. पण तो शब्द बाहेर पडेना.

"नही, बापू," तो म्हणाला. "डाव्यानं काहीच नही. उजव्यानं थोडंथोडं. सकाळी चाक मीच बसाडं. नट बसना का नही, ते माले आयकूच उनं नही."

सगळे एकदम बोलू लागले. त्याला त्यातलं अर्धंही कळलं नाही, पण चेहऱ्यांवरून कळायचं तेवढं कळलं. एका तरुणाने त्याची कॉलर धरली. जामसिंगने ती सोडवली, पण सोडवताना त्यानेही जाहिदकडे बघितलं नाही. "माझी पोरं मी याच गाडीतून पाठवतो," तो नुसतं एवढंच म्हणाला. त्या एवढ्याशा वाक्याने जाहिद खाली, मुरमाच्या ढिगावर बसला.

मॅडम त्याच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या, तोंड त्याच्याकडे करून, सावकाश बोलल्या. "मघाशी मला शंका आली होती. मी बोलायला हवं होतं. मला गाडी गाठायची होती म्हणून नाही बोलले." मग त्या म्हणाल्या, "पण तुम्हीही फार मोठी चूक केलीत."

"हो, मॅडम."

थोड्या वेळाने धडगावकडून एसटी आली. जामसिंगने हात करून थांबवली. माणसं चढली, मॅडम चढल्या. आमचुराची पोती कंडक्टरने कुरकुरत का होईना, मागच्या सीटखाली घेतली. कालीबाई चढताना वळून जाहिदला काहीतरी म्हणाली. त्याला कळलं नाही, आणि ते सांगायला जामसिंगही थांबला नाही.

एसटी गेली. बापू मात्र गेले नव्हते. पत्रिकांची पिशवी मांडीवर घेऊन ते दगडावर बसले होते.

"बापू, तुम्ही?"

"गाडी खाले कशी लई जाशी?"

"बाकीच्या चाकांचा एकेक नट काढीसन इथं लावस. रिकामी गाडी, हळूहळू जाई."

"आनि परत ढिल्ला व्हयना तं? तुले कोन सांगी?" बापू उठले. "सकाळपासून मन्हं कोनी आयकं नही. आते तुले आयकनं पडी."

दोघांनी मिळून नट बसवले. या वेळी बापूंनी पाना हातात घेतला आणि प्रत्येक नटावर कान लावून आवळला. नट बसतो त्या एका स्टडवर आटेच उरले नव्हते, तो तसाच राहिला. मग बापू पत्रिका डॅशबोर्डवर ठेवून मागे, त्याच बाकड्यावर चाकावर जाऊन बसले.

"पुढं बसा ना, बापू."

"पुढून मागलं आयकू येत नही."

"मंग असं करूत," जाहिद म्हणाला. "खडखड नका म्हनू. खडखड मी कानामागं टाकस. माले सवय शे."

"मंग काय म्हनू?"

जाहिदने विचार केला. "चाक ढिलं व्हयना तं आवाज कसा येस?"

बापूंनी दांड्यावर मूठ मारून बघितली, मग हाताच्या तळव्याने मारली, मग बोटाच्या पेऱ्याने. "हाई खडखड. समदं एक व्हईसन वाजस. आनि हाई..." त्यांनी परत पेरं मारलं. "हाई एकलंच वाजस. मंग थांबस. मंग वाजस. खट. खट." त्यांनी मान हलवली. "मी खडखड म्हनी ऱ्हायनतू. खरं तं हाई खटखट व्हती. पन तोंडमा आपलं खडखडच येस."

"मंग खट म्हना. एकदाच. जोरमा."

"आनि दुसरं काही वाजनं तं?"

"त्याले काही पन म्हना. फक्त खट म्हनू नका."

त्यांनी घाट उतरायला घेतला. जाहिद काच खाली करून उजवा कान मागे ठेवून चालवत होता, एक डोळा आरशात. पहिल्या वळणावर बापूंनी हात वर केला आणि तो थबकला, पण बापू म्हणाले, "काही नही. पत्रा." पुढे एकदा ते म्हणाले, "डबडं." टपावरची रिकामी कॅन होती. मग बराच वेळ काहीच नाही. गप्प असलेला बापू जाहिदला बोलणाऱ्या बापूपेक्षा जास्त घाबरवत होता. शेवटच्या मोठ्या उतारावर, समोर पायथ्याच्या म्हसावद गावाची झाडं दिसायला लागली तेव्हा, बापूंच्या तोंडातून शब्द आला.

"खट."

जाहिदने तिथल्या तिथे गाडी कडेला घेतली. एक नट पुन्हा ढिला झाला होता. बापूंनी आवळला. दोघं परत निघाले. असं दोनदा थांबून ते म्हसावदच्या गॅरेजला पोचले, तेव्हा जाहिदचे हात स्टिअरिंगवरून निघत नव्हते. बापूंनी दार उघडून त्याची बोटं एकेक करून सोडवली.

"आज सांजले नवनीतशेठले तू सांगजो," बापू म्हणाले. "तू नही सांगं तं सकाळी मी सांगसू. मन्हाकडे त्याना नंबर शे."

"आत्ताच सांगस, बापू."

बापू रस्त्यावर जाऊन दुसऱ्या जीपची वाट बघत उभे राहिले. जाताना त्यांनी हात केला नाही, आणि जाहिदला ते बरोबरच वाटलं.

त्याने गॅरेजवाल्याकरवी फोन करवला, आणि नवनीतशेठ तासाभरात मोटारसायकलवर आले. ते ओरडले नाहीत. त्यांनी रिमची लंबगोल भोकं बघितली, आटे गेलेला स्टड बघितला, जाहिदचं सगळं ऐकून घेतलं आणि किल्ली मागितली. "इतली वरीसं मन्हाकडे चालाडी," ते म्हणाले, "आनि माले सांगं नही." किल्ली खिशात टाकून ते गॅरेजवाल्याशी बोलायला गेले. जाहिद एसटीने घरी आला.

गजालाला सांगताना त्याला वाटलं होतं की ती रडेल. ती भाकरी थापत होती, तशीच थापत राहिली. "मुझे मालूम था," ती म्हणाली. "साल हो गया, मैं चिल्ला के बात करती हूँ आपसे. आपको लगा मेरा मिजाज बिगड गया."

पुढच्या आठवड्यात दोघं नंदुरबारला कानाच्या तपासणीला गेले. काचेच्या खोलीत बसवून त्याच्या डोक्यावर हेडफोन चढवले गेले. बाहेरच्या मुलीने सांगितलं, आवाज आला की बटण दाबा. पण पहिला आवाज आल्यावर जाहिदने बटण दाबून तोंडानेही सांगितलं, "भुंगा आहे." पुढच्याला म्हणाला, "चहाचं आधण." मुलीने काच वाजवून मान हलवली, नुसतं बटण. मग बराच वेळ काहीच आलं नाही. तो काचेतून तिच्याकडे बघत बसला. तिचं बोट मशीनवर चालू होतं, म्हणजे आवाज जात होते. त्याचं बटण मात्र हातात तसंच राहिलं. तो खाली बघू लागला.

डावा परत येणार नाही, डॉक्टर म्हणाले. उजव्याला मशीन लागेल, त्याने बरंच भरून येईल, पण घाटात प्रवासी गाडी चालवायची नाही. मशीनसाठी अर्ज कुठे करायचा ते त्यांनी सांगितलं. नवनीतशेठने त्याच दुपारी फोन करून, गजालाकरवी, विचारलं की शहाद्याच्या गॅरेजला बसशील का, इंजिनाची कामं तुला येतात, नट दुसरा कुणीतरी आवळेल. जाहिदने विचार करून सांगतो म्हटलं.

नंदुरबारहून परतताना एसटीत गजाला खिडकीशी बसली, त्याच्या डाव्या हाताला. गाडी स्टँडबाहेर पडली तशी ती काहीतरी बोलू लागली. तो मान हलवत राहिला. मग तो उठला, तिला बाहेरच्या जागेवर सरकायला सांगितलं आणि स्वतः खिडकीशी जाऊन बसला, उजवा कान तिच्याकडे करून.

"फिरसे बोल," तो म्हणाला. "पहलेसे."

ती शहाद्याच्या बाजारातून मिरची घ्यायची की नाही, हे विचारत होती.